१९११च्या आधीची बावीस वर्षं

मोहन बागान ह्या कलकत्त्याच्या फुटबॉल क्लबचं नाव काढलं की लोक डायरेक्ट १९११च्या फायनलवर येतात. अनवाणी पोरं, समोर गोऱ्यांची पलटण, दोन-एक, संपली गोष्ट. मला पण लहानपणापासून तेवढंच माहीत होतं आणि ते सांगितलेलं आमच्या भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधल्या बंगाली काकांनी. आमच्या लायनीत तेव्हा सगळा देश राहायचा, शेजारी तमिळ गार्ड, समोर जबलपूरकडचे फिटर, अन् कोपऱ्यावर हे काका. संध्याकाळी बाहेर खाट टाकून रेडिओ कानाला लावायचे आणि मॅच चालू असली की काकू सुद्धा त्यांना हाक मारायच्या नाहीत. ते 'मोहून बागान' म्हणायचे. आमच्याकडे बाग म्हटली की रावेर-यावलची केळीची बाग, त्यामुळे मला कितीतरी वर्षं वाटायचं की हा क्लब कुणाच्या तरी मळ्यात सुरू झाला असेल.

आता गेली दोन-तीन वर्षं मिळेल ते वाचतोय तर लक्षात आलं की ते फार चूक नव्हतं. उत्तर कलकत्त्यात कीर्ती मित्र म्हणून एक श्रीमंत गृहस्थ होते, त्यांचा मोठ्या आवाराचा वाडा होता, मोहन बागान व्हिला. त्या आवारात पोरं खेळायची. आजूबाजूच्या मित्र, बसू, सेन अशा घरांतली माणसं एकत्र आली आणि १५ ऑगस्ट १८८९ला क्लब स्थापन झाला. तारीख बघा, १५ ऑगस्ट! तेव्हा कुणाला काय कल्पना असणार. पहिले अध्यक्ष भूपेंद्रनाथ बसू, हेच पुढं १९१४च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

नाव आधी मोहन बागान स्पोर्टिंग क्लब होतं. वर्षभरानं पहिला वाढदिवस झाला तेव्हा प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्रोफेसर रो आलेले, त्यांनी विचारलं की तुमच्याकडे मासेमारी, नेमबाजी असलं काही चालतं का, कारण त्या काळच्या साहेबाच्या इंग्रजीत स्पोर्ट म्हंजे शिकार आणि गळ टाकून मासे धरणं. तसलं तर काहीच नव्हतं, मग स्पोर्टिंग काढून ॲथलेटिक केलं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण ह्या पोरांनी खेळ साहेबाकडून घेतला, शब्द पण त्याचाच घेतला, आणि वर्षभरात त्या शब्दातून शिकारखाना बाहेर काढून फक्त अंगमेहनत ठेवली.

शिस्त पण कडक होती. सभासदांना विडी-सिगारेट बंद, दारू बंद. आज कुणाला हे कीर्तनातल्यासारखं वाटेल, पण तेव्हा बंगाली माणूस म्हंजे नाजूक, लढाईच्या कामाचा नाही, असं साहेब उघड लिहायचा अन् बोलायचा. सैन्यात भरती कुठल्या जातीजमातीची करायची तेही त्याच हिशोबानं ठरायचं. त्याला उत्तर म्हणून तिकडं आखाडे निघाले आणि फुटबॉल पण त्याच रांगेत आला. म्हणून पोरांनी फक्त खेळून भागणार नव्हतं, अंग कमावून दाखवायचं होतं.

आणि हे पहिले होते असं पण नाही. त्यांच्या आधी नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारींनी कलकत्त्यात फुटबॉल पेरला, त्यांच्या शोभाबाजार क्लबनं १८९२ला ट्रेड्स कप ह्या फुटबॉल स्पर्धेत ईस्ट सरे रेजिमेंटला २-१नं हरवलं होतं. म्हंजे १९११च्या एकोणीस वर्षं आधी गोऱ्या पलटणीला हरवून झालेलं होतं! हे आपल्याला कुणी सांगतच नाही.

मोहन बागान तेव्हा कुठं होतं? कुठंच नव्हतं. वाड्याचं आवार सुटलं, मग श्यामपुकुरला, मग श्याम स्क्वेअरला, तिथं आर्यन्स आणि बागबाजार क्लबबरोबर एकच मैदान वाटून घ्यायचं. मी हे वाचलं तेव्हा आमचं रेल्वे ग्राउंड डोळ्यापुढं आलं, एकावेळी तीन टीमा, एकाचा बॉल दुसऱ्याच्या पायात, अन् 'ए भो, बॉल दे ना' असं दिवसभर चालू. मैदान स्वतःचं नसलं की खेळणाऱ्याला काय काय सोसावं लागतं ते आम्हाला माहिताय, पाऊस झाला तर काळ्या मातीत चार पावलं टाकली की बुटाखाली किलोभर चिखल, म्हणून आम्ही पण बूट काढूनच खेळायचो.

पहिली महत्त्वाची ट्रॉफी आली १९०४ला, कूचबिहार कप. स्थापनेनंतर पंधरा वर्षांनी. पंधरा वर्षं! सुरुवातीला आलेली पोरं तोवर बाप झाली असतील. तरी क्लब मोडला नाही. शैलेन बसू सेक्रेटरी होते, त्यांनी फुटबॉलच्या जोडीला व्यायामावर जोर दिला, दम वाढवला. मग १९०५ला चिनसुऱ्याला ग्लॅडस्टोन कपमध्ये डलहौसीला ६-१नं हरवलं, आणि डलहौसी म्हंजे त्याच वर्षीचा आयएफए शील्ड, म्हंजे इंडियन फुटबॉल असोसिएशनची मोठी स्पर्धा, जिंकलेला गोरा क्लब. ते वर्ष पण बंगालच्या फाळणीचं. पुढं १९०६, ०७, ०८ सलग तीन वर्षं ट्रेड्स कप. माझं स्पष्ट मत आहे की खरा क्लब ह्या चार वर्षांत उभा राहिला, १९११ला जगाला तो दिसला एवढंच.

१९११च्या आयएफए शील्ड फायनलबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती सगळ्यांना पाठ आहे. २९ जुलै १९११, समोर ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट, आधी गोल त्यांचाच, मग कॅप्टन शिबदास भादुरीनं बरोबरी केली आणि शेवटी शेवटी अभिलाष घोषनं दुसरा मारला. अकरात बूट फक्त सुधीर चॅटर्जींच्या पायात. मैदानात शिरायला न मिळालेल्यांना स्कोअर कळावा म्हणून पतंग उडवले होते. काका हे पतंगाचं सांगताना दोन्ही हात वर करायचे. एक मात्र ते नेहमी सांगायचे आणि मला तेव्हा पटायचं नाही, की अनवाणी खेळणाऱ्याला कोरडं मैदान लागतं, ओल्यात बूटवाला भारी पडतो, म्हणून पाऊस येऊ नये अशी सगळी धाकधूक. जुलैत पाऊस येऊ नये? आमच्याकडे त्याच महिन्यात कपाशी माना टाकते आणि माणसं आभाळाकडे बघत बसतात.

आणि आता माझ्या मनात घर करून बसलेली गोष्ट. १९२३ला मोहन बागान मुंबईला रोव्हर्स कप खेळायला आलं, फायनलपर्यंत गेलं आणि डरहम लाइट इन्फन्ट्रीकडून १-४नं हरलं. कलकत्त्याहून मुंबईला रेल्वेचे मार्ग दोन, एक नागपूर-अकोल्यावरून, दुसरा अलाहाबाद-जबलपूर-खंडव्यावरून, आणि दोन्ही मार्ग येऊन मिळतात ते भुसावळला. म्हंजे कुठूनही आले तरी आमच्या जंक्शनवरून गेलेच असणार. वाफेचं इंजिन, पाणी भरायचं, इंजिन बदलायचं, गाडी इथं निवांत थांबायची. टीममध्ये गोष्ठ पाल असतील, ज्यांना चीनची भिंत म्हणायचे. पाय मोकळे करायला उतरले असतील, चहा घेतला असेल, अन् आमच्या लायनीतल्या कुण्या पोरानं त्यांच्याकडे बघितलं पण असेल. जाताना आशा घेऊन आणि परत येताना हार घेऊन, दोन्ही वेळा ह्याच प्लॅटफॉर्मवरून.

काका रिटायर होऊन कलकत्त्याला गेले तेव्हा आम्ही सगळे स्टेशनवर सोडायला गेलो होतो. तेव्हा १९२३चं मला माहीत नव्हतं, नाहीतर त्यांना तिथंच उभं करून सांगितलं असतं.

भुसावळ, जळगाव, चाळीसगावकडच्या जुन्या रेल्वेवाल्या घरांमध्ये आजोबा-पणजोबांच्या फुटबॉल टीमचा एखादा फोटो असेल, मागं तारीख लिहिलेली असेल, तर मला सांगा, मी येतो बघायला. फोटोत पायात बूट आहेत का ते मात्र आधी कळवा.