वेल्डरचं आयटीआय निवडताना भंगाराची पेटी बघा

दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे अर्ज सुरू होतात. बहुतेक घरांत संस्था ठरते ती घर किती लांब आहे यावर, नाहीतर ओळखीतलं कुणी तिथे शिकलंय म्हणून. वेल्डर ट्रेडला हे चालत नाही. वेल्डिंगला हात बसावा लागतो आणि तो रॉड जाळूनच बसतो. रॉड म्हणजे वरून फ्लक्स या रसायनाचा लेप असलेली धातूची कांडी; ती वितळूनच जोड भरतो. त्यामुळे प्रवेश घेणाऱ्या मुलाने आधी एवढंच शोधून काढावं: वर्षभरात माझ्या हातून किती रॉड जळतील? इमारत आणि प्लेसमेंटचा फलक नंतर बघता येतो.

साधा हिशेब मांडू. वेल्डर हा एक वर्षाचा ट्रेड. अभ्यासक्रमाचे १२०० तास, त्यातले ८४० प्रात्यक्षिकाचे, आणि एका तुकडीत २० मुलं. शेडमध्ये चारच सेट, म्हणजे वेल्डिंगची यंत्रं, चालू असतील तर एका मुलाच्या वाट्याला वर्षभरात १६८ तास येतात. दहा सेट चालू असतील तर ४२०. या तासांतही पट्ट्या कापणं, टॅक मारणं (तात्पुरते टाके घालणं), चिपिंग करणं (जोडावरचं स्लॅगचं कवच ठोकून काढणं), ब्रश मारणं आलंच; आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची विजेची ज्योत, प्रत्यक्ष पेटलेला असतो तो वेळ याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका निघाला तरी पुष्कळ. दोन्ही संस्थांचं सर्टिफिकेट मात्र सारखंच दिसतं. म्हणून किती सेट 'आहेत' हे विचारू नका, किती 'चालू' आहेत ते स्वतः मोजा. जमलं तर सगळे एकदम चालवून दाखवायला सांगा. लाइन कमजोर असली की चौथा सेट चालू करताच पहिल्या तिघांचा आर्क मरायला लागतो आणि रॉड चिकटतो.

रॉडचंही तसंच. ३.१५ मिमी जाडीचे, ४५० मिमी लांबीचे '६०१३' या नंबरचे साधे रॉड एका किलोत साधारण २५ बसतात, आणि एक रॉड दीड मिनिटाच्या आसपास जळतो. दिवसाला पाच किलो रॉड २० मुलांत वाटले तर प्रत्येकाला सहा, म्हणजे नऊ-दहा मिनिटांचं वेल्डिंग. एवढ्यावर हात बसत नाही. माझ्या मते प्रात्यक्षिकाच्या दिवशी मुलाला किमान १५ ते २० रॉड मिळायला हवेत. स्टोअरमध्ये जाऊन विचारा: महिन्याला किती किलो रॉड उचलता, प्लेट कुठून येते, किती जाडीची? शिकायला ८ ते १० मिमीची एमएस प्लेट लागते. दोन-तीन मिमीच्या पत्र्याच्या तुकड्यांवरच वर्ष काढलेल्या मुलाला कारखान्यात जाड जोड दिला की मुळापर्यंत धातू उतरवता येत नाही.

आता भंगाराची पेटी. तोंडी माहिती खोटी असू शकते, पेटीतला माल खोटा नसतो. जळून उरलेली रॉडची शेपटं हातात घ्या. दोन इंचांच्या आसपासची, टोक गोल वितळलेलं अशी शेपटं भरपूर असतील तर तिथे रॉड नीट आणि शेवटपर्यंत जाळला जातो. अर्धे-पाऊण रॉड वाकलेले, टोकाचा फ्लक्स उडालेला असे पडले असतील तर रॉड चिकटतोय आणि मुलगा तो हिसडून काढतोय. नवी तुकडी आल्यावर पहिले काही आठवडे हे दिसणारच. पण तुम्ही प्रवेशाच्या वेळी, म्हणजे जुनी तुकडी परीक्षेला बसायच्या सुमारास जाता. तेव्हाही पेटी अशीच असेल, तर वर्षभरात काय शिकवलं ते कळलंच.

त्याच पेटीत जोडलेले तुकडे शोधा. सगळे आडव्या प्लेटवर एकापुढे एक मारलेले रन, म्हणजे वेल्डच्या रेघा, असतील तर तिथे वन-जीच्या, म्हणजे आडव्या सपाट जोडाच्या, पुढे गाडी गेलेली नाही. नोकरीत जोड टेबलावर येत नाही. तो उभा असतो, डोक्यावर असतो, पाइपला असतो. थ्री-जीचे, म्हणजे उभ्या व्ही-ग्रूव्हचे (व्ही आकाराची खाच भरून केलेल्या जोडाचे) तुकडे मिळाले तर ते उलटून मागची बाजू बघा. १० मिमी प्लेट, दोन्ही कडा मिळून ६० अंशांचा व्ही, अडीच-तीन मिमी रूट गॅप (प्लेटांमधली फट), दीड-दोन मिमी रूट फेस (कडेचा न तासलेला भाग) आणि २.५ मिमी रॉडने मारलेला रूट रन (तळाची पहिली रेघ), एवढं जमलं की मागे एक-दोन मिमी उंचीची सलग धार दिसते. धार नसून दोन प्लेटांची मूळ कड तशीच दिसत असेल तर पेनिट्रेशन नाही, म्हणजे धातू मुळापर्यंत उतरलेला नाही. गॅप जास्त किंवा करंट जास्त असला की मागे लोंबलेले थेंब आणि भोकं. वरून कितीही देखणा जोड असो, मागची बाजू खरं सांगते.

शेडमध्ये बेंड टेस्टची सोय आहे का हेही विचारा. जोडाची पट्टी कापून वाकवली की आत अडकलेला स्लॅग, न जुळलेली कड, सगळं उघडं पडतं. ज्या मुलाने आपलाच जोड वाकवून फुटलेला पाहिला, त्याला पुढच्या रनआधी स्लॅग साफ करायला सांगावं लागत नाही. साधा प्रेस आणि ग्राइंडर एवढ्यावर हे होतं, तरी बऱ्याच ठिकाणी होत नाही.

७०१८ रॉडचा ओव्हन चालू आहे का, हा प्रश्न मी कधीच सोडणार नाही. हा लो-हायड्रोजन रॉड. त्याच्या कोटिंगने ओल धरली की जोडात छिद्रं पडतात, आणि हायड्रोजनमुळे जोड थंड झाल्यावर तडा जाऊ शकतो. म्हणून उघडा राहिलेला रॉड ३०० ते ३५० अंश सेल्सिअसला तास-दोन तास भाजायचा आणि वापरेपर्यंत गरम ठेवायचा. कोकणातल्या पावसाळ्यात तर पाकीट फोडून टेबलावर ठेवलेला ७०१८ भरवशाचा राहतच नाही. ओव्हन कपाट म्हणून वापरला जात असेल, तर ती मुलं सहा-शून्य-तेरावरच पास होणार. शिवाय हा रॉड डीसीवर, रॉड पॉझिटिव्ह ठेवून चालवायची पद्धत आहे, त्यामुळे शेडमध्ये जुन्या एसी ट्रान्सफॉर्मरबरोबर डीसी देणारे रेक्टिफायर किंवा इन्व्हर्टर सेटही हवेत.

चाकण, भोसरी, वाळूजकडे जायचं असेल तर सीओटू, म्हणजे गॅसच्या आवरणात गनमधून येणाऱ्या वायरने करायचं वेल्डिंग, आलंच. गन हातात घेऊन बघा, वायर फीड होते का, सिलिंडरमध्ये गॅस आहे का. वर पंखा सुरू ठेवून सीओटू शिकवत असतील तर गॅसचं आवरण उडतं आणि जोड जाळीदार होतो. हे ज्या निदेशकाच्या लक्षात येत नाही त्याच्या हाताखाली मूल घालू नये. गाड्यांच्या कारखान्यांत सरळ, ठरलेले जोड आता रोबो मारतात. त्यामुळे आर्गन (त्या वायूच्या आवरणातलं टिग वेल्डिंग) आणि पाइप शिकवणारी संस्था मिळत असेल तर रोजचे दहा किलोमीटर जास्त गेले तरी हरकत नाही. साखर कारखान्यांत गाळप संपलं की बॉयलर आणि गिरणीची दुरुस्ती निघते, तिथे आयबीआर (बॉयलरच्या भारतीय नियमांची) टेस्ट पास झालेल्या वेल्डरला मागणी असते.

गॅस कटिंगच्या कोपऱ्यात दोन मिनिटं थांबा. ऑक्सिजनची टाकी काळी, ॲसिटिलीनची मरून, आणि मरून टाकी उभीच असली पाहिजे. आडवी ठेवली की आतला ॲसिटोन बाहेर येतो. दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्वाला मागे टाकीकडे जाऊ न देणारी झडप), टाक्यांना साखळी. बूथला पडदे, धूर ओढणारा एक्झॉस्ट, प्रत्येकाला स्वतःचे चामडी हातमोजे, ॲप्रन आणि १० किंवा ११ नंबरची धड काच. एकच काच तिघांत फिरत असेल तर बाकीचे दोघे उघड्या डोळ्यांनी आर्क बघतायत.

कागदाचं काम थोडक्यात. संस्था आणि तिची वेल्डरची तुकडी केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाशी (डीजीटी) संलग्न आहे याची ऑनलाइन खात्री करा. संस्था संलग्न असून नवी तुकडी नसणं शक्य असतं. अभ्यासक्रमाला आठवी उत्तीर्ण पुरते, त्यामुळे दहावी नापास झालेल्यांनाही वाट मोकळी आहे. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या ऑनलाइन प्रवेशात विकल्पांचा क्रम विचार करून भरा. पहिल्या फेरीत पहिलाच विकल्प मिळाला तर तो घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून नाव जातं. म्हणजे शेड बघायची ती अर्ज भरण्याआधी.

आयटीआयनंतर ॲप्रेंटिसशिपचं वर्ष सोडू नका. संस्थेला विचारा, गेल्या वर्षीची मुलं कुठे लागली, आणि कंपनीची नुसती नावं न घेता त्यातल्या दोघांशी बोला. माझगाव डॉकसारख्या जहाजबांधणीच्या ठिकाणी तर आठवी पास मुलांना थेट वेल्डरचा ॲप्रेंटिस म्हणून घेतात. त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

राहिले 'एका महिन्यात सिक्स-जी' (तिरक्या, न फिरवलेल्या पाइपचा जोड) म्हणणारे खासगी वर्ग. ज्याचा हात आधीच बसलाय त्याला पाइपचा सराव करायला ते उपयोगी आहेत, नवख्याला नाहीत. त्यांच्या सर्टिफिकेटवर कुणी कामाला घेत नाही, कंपनी किंवा आखातात पाठवणारी एजन्सी आपली टेस्ट घेतेच. आणि ज्या एएसएमई सेक्शन नाइन या वेल्डर-पात्रतेच्या अमेरिकी संहितेचं नाव ते छापतात, त्यातच नियम आहे की सहा महिने त्या पद्धतीचं वेल्डिंग केलं नाही तर वेल्डरची पात्रता संपते. पैसे भरण्याआधी विचारा: फीमध्ये किती पाइप कूपन (सरावाचे पाइपचे तुकडे) मिळणार, किती इंची, आणि एक्स-रे किंवा बेंड टेस्ट कोण करणार? ही तिन्ही उत्तरं पावतीवर लिहून द्यायला तयार नसतील तर तिथे पैसे भरू नका.