माळ्यावरचा सायलेन्सर

गाडी बघायला कोल्हापूरहून आलेल्या पोराने बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, "काका, ओरिजिनल सायलेन्सर हाय न्हवं?"

हाय म्हणजे काय! अठरा वर्षं माळ्यावर पोत्यात गुंडाळून पडलाय. दर दिवाळीच्या साफसफाईत हिची बोलणी खातो, पण जागा सोडत नाही.

गाडी 2002 सालची होंडा सिटी, दीड लिटर व्हीटेक. मी ती 2006 मध्ये सेकंडहँड घेतली. कागदोपत्री चार दारांची, डिक्कीवाली, संसारी गाडी. गंमत म्हणजे जपानी असून हे मॉडेल जपानमध्ये कधी विकलंच नाही. आशियातल्या आपल्यासारख्यांसाठीच ते काढलेलं. पण ज्या गावात मारुती 800 ची ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आत होती, तिथे 106 अश्वशक्ती म्हणजे स्पोर्ट्स कारच की! व्हीटेकमध्ये एकाच इंजिनाचे दोन स्वभाव असतात. एरवी ते कारकुनासारखं मुकाट चालतं. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा वर चढला की तेलाच्या दाबाने एक बोटभर पिन सरकते, झडपा दाबणारे दांडे, म्हणजे रॉकर आर्म, एकमेकांत अडकतात आणि त्यांना हलवणाऱ्या फिरत्या दांड्याचा, कॅमशाफ्टचा, मोठा उंचवटा कारभार हाती घेतो. झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, जास्त उघडतात, आवाज पालटतो. आमचं सोलापूर सपाट, त्यामुळे हा आवाज ऐकायला मी दर महिन्याला तुळजापूरचा घाट गाठायचो, सेकंड गिअरमध्ये. घरचे समजायचे, माणूस देवीचा फार भक्त आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण मेकॅनिक चौकात चार शहाणे भेटले आणि गाडीचं 'काम' सुरू झालं. फ्री-फ्लो, म्हणजे मोकळ्या नळीचा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, कमी उंचीच्या स्प्रिंगा, रुंद टायर, बॉनेटखाली उघडा गोल एअर फिल्टर. त्या फिल्टरची कथा तर ऐकण्यासारखी. पारा त्रेचाळीसवर, आणि हा थेट इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढणार. गरम हवा विरळ, तिच्यात प्राणवायू कमी, म्हणून ताकदही कमी. पैसे मोजून मी गाडीला दमा लावला होता. मिस्त्री पहिल्याच उन्हाळ्यात म्हणाला, "सायेब, हे थंड मुलखातलं खूळ हाय. हितं आपल्यालाच वारं मिळंना, गाडीला कुठलं?" तरी मी तो काढला नाही. आवाज छान यायचा.

स्प्रिंगांनी मात्र घरात वैर आणलं. मागे तिघं बसले की प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासायचं. एकदा सासूबाईंना घेऊन अक्कलकोटला निघालो. होटगी रोडला पोचेपर्यंत त्यांना दोनदा खाली उतरवलं, स्पीडब्रेकर ओलांडून पुन्हा चढवलं. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "जावईबापू, मी यष्टीनं येते, तुम्ही या सावकाश." तेव्हापासून मी स्पीडब्रेकर तिरका घालायला शिकलो. आधी एक चाक, मग दुसरं, मागच्या रिक्षावाल्याच्या शिव्या ऐकत.

2017 ला पंधरा वर्षं भरली. आरटीओच्या पासिंगसाठी एका रात्रीत सगळं ओरिजिनल सामान चढवलं. गाडी पास झाली आणि आठवड्यात पुन्हा माझं सामान चढलं. मग 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कंपनीने बनवली त्यात मूलभूत फेरबदल चालणार नाहीत. त्यानंतर पोलीस दिसला की आवाज दबावा म्हणून मी आपोआप वरच्या गिअरमध्ये जायचो. 2022 च्या पासिंगला तोच खेळ पुन्हा केला, पण हात कापत होते. आता पुढचं पासिंग तोंडावर आलं आणि गुडघे गाडीखाली शिरायला नाही म्हणू लागले.

म्हणून विकायला काढली. वाटलं होतं, माझ्या सामानाचे जादा पैसे येतील. पोराने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि एकेक वस्तू किमतीतून वजा करत गेला. स्प्रिंगा? वजा. फिल्टर? वजा. मी हौसेने जे जे घातलं, त्याला मोल शून्य. मी काढून टाकलेलं मात्र सोन्याचं! ओरिजिनल सायलेन्सर, स्प्रिंगा, फिल्टरचा काळा डबा, चाकांच्या टोप्या. शिडी लावून मी माळ्यावरून एकेक खाली देत होतो आणि तो हरखून धूळ पुसत होता. चौथी टोपी सापडली तेव्हा पाचशे वाढवले त्याने.

आता त्या गाड्यांना जुनेपणाची किंमत आलीय, जशी होती तशी हवी असते लोकांना. म्हणजे अठरा वर्षं मी गाडी चालवत नव्हतो, माळ्यावर तिची राखण करत होतो.

गाडी नावावर करायच्या फॉर्म 29, 30 वर सह्या केल्या, कोल्हापूरला न्यायची आरटीओची एनओसी आली. न्यायच्या दिवशी मिस्त्रीने सगळं पूर्ववत केलं. पोराने चावी फिरवली. आवाज असा आला, जसा कधी आलाच नव्हता. सभ्य. मी म्हटलं, "हा फ्री-फ्लो पण घेऊन जा, फुकट." तो हसला. "ऱ्हावू दे काका, आठवण तुम्हाला."

तो फ्री-फ्लो आता पोत्यात आहे, त्याच जागी. दिवाळीत हिने वर बघितलं, पण या वेळी काही बोलली नाही.

परवा हिच्या स्कूटरवरून दोघं भाजीला निघालो होतो. मागून पाठीवर चापट बसली.

"अहो, स्कूटर हाय ही. सरळ घाला की!"