माज

"जरा माजच आहे हिला," काका म्हणाले आणि माझा पोह्यांचा घास तोंडापाशीच थांबला.

न्यू जर्सीतली आमची रविवारची बैठक. टीव्हीवर २०२३ च्या मुलींच्या कॉलेज बास्केटबॉल फायनलची जुनी क्लिप. एलएसयूने, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीने, आयोवाला १०२-८५ ने हरवलंय आणि एलएसयूची काळी एंजल रीस आयोवाच्या गोऱ्या केटलिन क्लार्कसमोर चेहऱ्यापुढे हात हलवतेय, 'मी तुला दिसणारच नाही' अशी चिडवायची खूण.

माझी लेक कॉलेजात व्हॉलीबॉल खेळते. रंगाने माझ्यावर गेलीय. फोनमधून मान वर न करता म्हणाली, "काका, तीच खूण क्लार्कने आठवडाभर आधी केली होती. तेव्हा सगळे जिगर म्हणत होते."

काका हसले. "अगं, तिचं वेगळं."

काय वेगळं, ते कुणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही, चहा ओतत बसले. रीसला बोल लावू नका, असं खुद्द क्लार्कनेच तेव्हा सांगितलं होतं, हेही मला रात्री भांडी घासताना आठवलं.

आणि आणखी एक. पॉइंट मिळाला की लेक पूर्वी मूठ आवळून ओरडायची. या सीझनला एकदाही ओरडली नाही.

तिला कुणी काय म्हणालं असेल?