टाकीवरची बॅग, हँडलखालची वायर आणि सात वेळा बंद पडलेली गाडी

तीन दिवस, साधारण साडेसहाशे किलोमीटर, दोन मोटरसायकली. माझी एका सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग), अकरा वर्षं जुनी. मित्राची नवी, इंजेक्शनवाली, म्हणजे पेट्रोल पंपाने इंजिनात फवारणारी. या प्रवासात माझी गाडी सात वेळा बंद पडली आणि त्याची दोनदा. निघण्याआधी सर्व्हिसिंग झालं होतं, ऑइल नवं, प्लग नवा, चेन साफ. त्यामुळे पहिल्यांदा बंद पडली तेव्हा आश्चर्यापेक्षा अपमानच जास्त वाटला. निसर्गाचं वर्णन यात सापडणार नाही, कारण तीनही दिवस माझं निम्मं लक्ष इंजिनाच्या आवाजाकडे होतं.

पहिला दिवस सरळ, मोठ्या रस्त्याचा. वेग ७५ ते ८०. दीड तासाने पाऊस आला म्हणून थांबून टाकीवरच्या बॅगेला पावसाचं कव्हर घातलं आणि पुढे निघालो. वीसेक मिनिटांत गाडी जड लागायला लागली. एक्सलेटर पिळला तरी वेग वाढेना, उलट उतरायला लागला. दोन-तीन गचके, थोडं मिसिंग, आणि इंजिन गप्प. क्लच दाबून आहे त्या वेगात गाडी कडेला घेतली. दिवे, हॉर्न, इंडिकेटर सगळं ठीक. सेल्फ मारला की इंजिन फिरत होतं, पण पकडत नव्हतं. पेट्रोल निम्म्याहून जास्त, कॉक (टाकीखालची पेट्रोलची तोटी) चालू, किल स्विच (इंजिन बंद करायचं हँडलवरचं बटण) जागेवर. या तीन गोष्टी आधी बघा. किल स्विचला नकळत हात लागून बंद पडलेल्या गाडीचा कार्ब्युरेटर खोलून बसलेला माणूस मी पाहिला आहे. (तो मीच होतो, पण ते वेगळ्या प्रवासात.)

मग मी जे केलं ते तुम्ही करू नका. सरळ प्लग काढला. कॅपमध्ये घालून, इंजिनाच्या धातूला टेकवून सेल्फ मारला, तर ठिणगी निळी, चांगली. ही तपासणी करताना प्लग उघड्या भोकापासून लांब, हेडच्या दुसऱ्या बाजूला टेकवा. भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते आणि तिला ठिणगी मिळाली तर भडका उडतो. ठिणगी दिसत असूनही मी प्लग बदलला, कारण हातात दुसरा प्लग होता. या सगळ्यात पंधरा मिनिटं गेली आणि गाडी सुरू झाली. मी विजयी मुद्रेने म्हणालो, "नवा प्लगच खराब निघाला."

तीस किलोमीटरवर पुन्हा तेच. या वेळी प्लगची कॅप काढून फडक्याने पुसली, आत पाणी गेलं असणार असं ठरवून टाकलं. गाडी पुन्हा सुरू झाली. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मी पान्याला हात घालणार इतक्यात मित्र म्हणाला, "अरे, कशालाही हात लावू नकोस. नुसता थांब." दहा मिनिटं आम्ही झाडाखाली उभे राहिलो. सेल्फ मारला. सुरू.

म्हणजे प्लगने काही केलं नव्हतं, कॅप पुसण्यानेही नाही. जे काही केलं ते त्या दहा-पंधरा मिनिटांनी.

थोडा वेळ थांबलं की सुरू होणाऱ्या गाडीत मुख्यतः दोन संशयित असतात. एक म्हणजे उष्णता. इग्निशन कॉइल (ठिणगीची वीज तयार करणारी) किंवा पिकअप कॉइल (ठिणगीची वेळ सांगणारी) तापली की आतलं कनेक्शन तुटतं, गार झाली की पुन्हा जुळतं. दुसरा म्हणजे पेट्रोल अडणं. या दोघांना वेगळं करायचं असेल तर बंद पडल्या पडल्या, गाडी गरम असतानाच ठिणगी बघायची. गार झाल्यावर बघण्यात अर्थ नाही, तेव्हा ती येणारच. माझी ठिणगी बंद पडल्यावर लगेच बघितली होती आणि ती होती. शिवाय कॉइल गेली की इंजिन बहुतेक वेळा एकदम बंद होतं, दिवा मालवल्यासारखं. माझी गाडी धापा टाकत, गचके देत बंद पडत होती. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीत, म्हणजे फ्लोट बाऊलमध्ये, उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालतं आणि मग तडफडतं. माझ्या गाडीचं नेमकं तेच होत होतं.

बंद कशी पडली, हे ओळखणं म्हणजे निम्मं काम. पण आपण पहिल्याच मिनिटाला पाने काढतो आणि ती आठवण पुसून टाकतो. आता मी गाडी कडेला लावली की आधी स्वतःलाच विचारतो: झटक्यात की हळूहळू? दिवे होते की गेले? वेग किती होता, रस्ता चढाचा की सपाट? हँडल सरळ होतं की वळवलेलं? निघताना नव्हतं असं गाडीवर आता काय आहे? हा शेवटचा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारला असता तर चौथी वेळ आलीच नसती.

चौथी वेळ आली. पण या वेळी तयारी होती. इंजिन थोडं निवू दिलं, कार्ब्युरेटरच्या तळाच्या नळीखाली रिकामी बाटली धरली आणि ड्रेन स्क्रू अर्धा आटा ढिला केला. चांगल्या गाडीत, कॉक चालू असताना, इथून एकसारखी धार येत राहते. (काही गाड्यांचा कॉक इंजिनाच्या ओढीवर उघडतो, त्यांत इंजिन बंद असताना धार येणार नाही. तसा असेल तर तो प्रायमिंगवर, म्हणजे ओढीशिवाय पेट्रोल सोडणाऱ्या जागेवर, ठेवून बघा.) माझ्या गाडीतून चमचाभर पेट्रोल आलं, मग थेंब थेंब, मग तेही नाही. मित्राने टाकीवरची बॅग बाजूला करून झाकण उघडलं. सुस्स असा आवाज आला आणि खाली बाटलीत धार सुरू झाली. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो, मी जरा कमी.

टाकीच्या झाकणात हवेचं एक बारीक भोक असतं. पेट्रोल जितकं खाली उतरतं तितकी हवा तिथून आत यायला लागते. ती आली नाही तर टाकीत ओढ तयार होते आणि पेट्रोल वरच अडकून राहतं. माझ्या झाकणाचं भोक धूळ आणि पॉलिशच्या मेणाने अर्धं बुजलेलं होतं. रोजच्या वापरात, कमी वेगाला, उरलेली अर्धी वाट पुरत होती. सलग ८० ने चालवल्यावर पुरेना. त्यात बॅग झाकणावर बसवलेली आणि तिच्यावर ओलं, चिकटून बसणारं प्लॅस्टिकचं कव्हर. गाडी बंद करून थांबलं की हवा हळूहळू आत झिरपायची, वाटी भरायची आणि प्लगला फुकटचं श्रेय मिळायचं.

आणखी एक गंमत. वाटेत टाकी काठोकाठ भरल्यावर गाडी उशिरा बंद पडायला हवी होती, ती आणखी लवकर पडली. भरलेल्या टाकीत पेट्रोलच्या वर हवेची जागा अगदी कमी असते, त्यामुळे थोडं पेट्रोल उतरलं तरी ओढ लगेच वाढते. 'पेट्रोल भरल्यापासून त्रास' म्हटलं की सगळे भेसळीवर जातात. पाणी मिसळलेलं पेट्रोल असूच शकतं, ते काचेच्या किंवा पारदर्शक बाटलीत घेऊन दोन मिनिटं ठेवलं तर तळाला वेगळा थर दिसतो. आमच्या बाटलीत तसं काही नव्हतं.

उपाय बारीक तारेचा. भोक मोकळं केलं, तोंडाने फुंकून पाहिलं, बॅग दोन इंच मागे सरकवली. झाकण ढिलं ठेवून चालवण्याचा सल्ला कुणीतरी देईल. तपासण्यापुरतं दोन किलोमीटर ठीक, पण पावसात तसं चालवलं तर पाणी टाकीत जाईल आणि एकाचे दोन त्रास होतील.

दुसऱ्या दिवशी घाट. मी निर्धास्त होतो, आणि म्हणूनच पहिली चूक केली: गाडी बंद पडली तेव्हा कालचाच आजार समजून झाकण उघडलं. सुस्स झालं नाही. मग आठवलं की या वेळी गचके आलेच नव्हते. चढाचं उजवं वळण, दुसरा गिअर, आणि एकदम सगळं गेलं. क्षणभर मीटरही काळा. मग दिवे आपोआप परत आले.

दिवे गेले म्हणजे पेट्रोलचा संबंध नाही. मुख्य फ्यूज पाहिला, शाबूत. बॅटरीची टर्मिनलं हलवून पाहिली, घट्ट. मल्टिमीटर होता म्हणून व्होल्टेजही पाहिलं: इंजिन बंद असताना १२.६, रेस दिल्यावर १४.१. बारा व्होल्टच्या गाडीत रेसवर साधारण १३.५ ते १४.५ मिळत असेल तर चार्जिंग ठीक समजा. १३ च्या खाली राहिलं किंवा १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटरकडे (व्होल्टेज आवरणारा), स्टेटरकडे (इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल) बघायला हवं. फ्यूज उडालेला असेल तर त्याच अँपिअरचा दुसरा घाला. सिगारेटच्या पाकिटाची चांदी, वायरचा तुकडा असले जुगाड नकोत. फ्यूज जळतो तेव्हा तो काहीतरी वाचवत असतो.

दुसऱ्यांदाही उजवं वळणच. तिसऱ्यांदा मित्र मागे होता आणि त्याने दिलेली बातमी सगळ्यात मोलाची ठरली: "तुझा मागचा दिवा आधी गेला, मग गाडी मंदावली." सोबत कुणी असेल तर त्याला मुद्दाम मागे ठेवा. आपल्याला जे दिसत नाही ते त्याला दिसतं.

मोकळी, सपाट जागा बघून थांबलो. मेन स्टँड, न्यूट्रल, इंजिन चालू, आणि हँडल सावकाश डावीकडे पूर्ण, मग उजवीकडे पूर्ण. उजव्या टोकाला इंजिन बंद. परत आणलं, दिवे आले. पुन्हा नेलं, गेले. इग्निशन स्विचकडून येणारा वायरचा जुडगा हँडलखाली वळतो, तिथे मी प्रवासासाठी मोबाइलचा चार्जर बसवला होता. त्याची वायर लोंबू नये म्हणून तीन केबल टाय आवळून सगळं फ्रेमला बांधलं होतं. दिसायला फार नीटनेटकं. हँडल उजवीकडे वळलं की तो जुडगा ताणला जायचा. बाहेरचं आवरण धडधाकट होतं, त्यामुळे नुसतं बघून काहीच कळलं नसतं. जुडग्यातली एक वायर चिमटीत धरून वाकवली तेव्हा न्यूट्रलचा दिवा लुकलुकला.

टाय कापले, जुडग्याला ढील दिली, चार्जर काढून टाकला. वायर रस्त्यात सोलत बसलो नाही. ढील मिळाल्यावर हँडल दहा वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, इंजिन चालू राहिलं, तेवढं पुरलं. एक मात्र सांगतो: अशी बिघाडाची शंका असताना घाट चढत राहू नका. चढाच्या अरुंद वळणावर, गाडी झुकलेली असताना इंजिन गेलं की ती जागीच थांबते आणि आतल्या बाजूला आडवी होते. मी तीनदा वाचलो ते पाय लांब टाकता आला म्हणून. त्यात कौशल्य काही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मित्राची पाळी. दगडगोट्यांच्या, चिखलाच्या रस्त्यावर त्याची गाडी दोनदा बंद पडली. इंजेक्शनच्या गाडीत फ्लोट बाऊल नाही, बाटली धरून काही उपयोग नाही, तिथे कान लावायचे. चावी फिरवल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची घुंई ऐकू यायला हवी. आली. इंजिनाचा पिवळा दिवा पेटून राहिलेला नव्हता. न्यूट्रलमध्ये गाडी सुरू व्हायची, गिअर टाकला की बंद. हे लक्षण बहुधा साइड स्टँडच्या स्विचचं. स्टँडच्या सांध्यात चिखल बसून तो पूर्ण वर जात नव्हता, धक्का बसला की स्विचला वाटायचं स्टँड खाली आहे. पाण्याने धुतला, दोन थेंब तेल, पाच मिनिटांत काम झालं. गाडी आडवी पडली असेल आणि उचलल्यावर सुरू होत नसेल तर चावी एकदा बंद करून पुन्हा चालू करा. पडल्याचं ओळखणारा सेन्सर अनेक गाड्यांत त्याशिवाय सोडत नाही.

फक्त थांबल्यावर, आयडलिंगला बंद पडणारी गाडी हा वेगळा विषय. आम्हाला तो भेटला नाही, म्हणून थोडक्यात. कार्ब्युरेटरमध्ये पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) चोकअप, इंजेक्शनमध्ये थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साचलेला कार्बन, किंवा इनटेकचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेचं, रबर तडकून आत शिरणारी जादा हवा. गार असताना छान आणि तापल्यावर आयडलिंगला मरत असेल तर टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह दाबणारे भाग) फार आवळलेले आहेत का ते बघा. ते बघायचं इंजिन पूर्ण गार असताना, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने. रस्त्याच्या कडेला हे काम काढू नका.

माझ्या पिशवीतल्या सतराशे साठ वस्तूंपैकी उपयोगी पडल्या त्या एवढ्याच: बारीक तार, पारदर्शक बाटली, स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, कटर आणि फडकं. प्लग दोन नेले होते, दोन्ही परत आले.

शेवटचे १८० किलोमीटर गाडी एकदाही अडली नाही. घरी आल्यावर हँडलखालची ती वायर कापली आणि सोलून पाहिली. आत तांब्याच्या चार तारा शिल्लक होत्या.