मुलीची रोजनिशी संग्रहात दाखल करताना : माझा अनुभव

वाचनालयाच्या स्थानिक इतिहास दालनात जुने कागद येतात ते बहुतेक वेळा घर रिकामे करताना. जमाखर्चाची बाडे, गहाणखते, आजोबांचा पत्रव्यवहार आणि या सगळ्याच्या तळाशी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने लिहिलेली एखादी पातळ रोजनिशी. घरच्यांना तिचे काही विशेष वाटत नाही. दाखल नोंदवहीतही ती ‘इतर घरगुती कागद’ या ओळीत जाते, आणि एकदा तिथे गेली की पुन्हा कुणाच्या हाती लागत नाही. म्हणून माझा आग्रह एकच असतो : वहीला स्वतंत्र दाखल क्रमांक द्यायचा आणि नोंद त्या मुलीच्या नावाने करायची, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या कागदांचे शेपूट म्हणून नाही.

हे करताना पहिली अडचण नावाचीच येते. वहीवर माहेरचे नाव असते. देणगीदार नातू आजीला ओळखतो ते सासरच्या नावाने, आणि आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर पहिले नावही बदलत असे. वहीत मैत्रिणी तिला तिसऱ्याच, हाकेच्या नावाने बोलावतात. मी मुख्य नोंद लिहितेवेळच्या नावाने करतो : मुलीचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. सासरच्या पूर्ण नावाची एक जोडनोंद आणि हाकेच्या नावाची दुसरी. या तीन नोंदी नसतील तर घरच्यांनासुद्धा पुढे वही सापडत नाही.

देणगीपत्रावर सही घेतानाच तीन पिढ्यांची वंशावळ लिहून घ्यावी. रोजनिशीत माणसे नावाने कमी आणि नात्याने जास्त येतात : तात्या, माई, धाकटी आत्या, पलीकडच्या काकू. एकाच वाड्यात दोन ‘अण्णा’ असणे अगदी नेहमीचे. हे सांगू शकणारी व्यक्ती बहुधा कुटुंबातली सर्वांत वयस्क बाई असते आणि ती वाचनालयात येत नाही, तेव्हा तिच्याकडे आपणच जावे. जन्मगाव, शाळा, इयत्ता, लग्नाचे साल हेही तिलाच विचारावे. इयत्ता लिहून घेताना जपावे लागते. जुन्या मुंबई इलाख्यात मराठी चार इयत्तांनंतर इंग्रजी पहिली सुरू होई, त्यामुळे ‘इंग्रजी चौथी’ म्हणजे आजची आठवी. ही चार वर्षे मिळवली नाहीत, तर मुलीच्या वयाचा सगळा हिशेब चुकतो.

वही आली की ती सरळ कपाटात ठेवायची नाही. कसर, झुरळांची अंडी किंवा वाळवीची माती तिच्याबरोबर आली, तर शेजारची चांगली बाडेही जातात. पारदर्शक प्लास्टिक पिशवीत, वहीखाली पांढरा कागद घालून, ती बंद करतो आणि वेगळ्या खोलीत ठेवतो. कागदावर बारीक भुसा किंवा विष्ठा पडली की कीड जिवंत आहे असे समजावे. अशी वही दोन पिशव्यांत, आतली हवा शक्य तितकी काढून, उणे २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवावी लागते. घरच्या फ्रिजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर यासाठी विसंबू नये. बाहेर काढल्यावर चोवीस तास पिशवी उघडायची नाही. घाई केली तर थंड कागदावर हवेतली वाफ धरते आणि शाई फुटते.

बुरशी असेल तर गोष्ट वेगळी. कोकणातून पावसाळ्यानंतर आलेल्या वह्यांना ती हमखास असते. उन्हात टाकावी असा सल्ला सगळे देतात, पण फाउंटन पेनच्या निळ्या शाईचा रंग उन्हात उडतो. सावलीत, पंख्याचा झोत वहीवर न येऊ देता ती वाळवायची, तोंडाला एन-९५ मास्क लावायचा आणि बुरशी पूर्ण कोरडी झाल्यावरच मऊ ब्रशने शिवणीकडून बाहेर झाडायची. ओली बुरशी झाडली तर ती कागदात आणखी घुसते.

ओला बोळा कोणत्याही पानाला लावू नये. शाईच्या वड्या पाण्यात कालवून केलेली शाई थेंबभर पाण्यानेही पसरते. जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीचे अक्षर कोरडे असताना साध्या शिसपेन्सिलीसारखे करडे दिसते, ओल लागली की जांभळे होऊन फुटते. करड्या ओळीत मध्येच एखादे अक्षर जांभळे दिसले तर ती पेन्सिल हीच.

टाचण्या आणि क्लिपा काढताना ओढायच्या नाहीत, गंजलेली टाचणी कागदाचा तुकडा घेऊनच येते. खाली पातळ प्लास्टिकची पट्टी सरकवून ती आधी सैल करावी. पानांत ठेवलेल्या वस्तूंकडे माझे जास्त लक्ष असते. मुलींच्या वह्यांत या वस्तू फार असतात : बकुळीची फुले, जाळी झालेले पिंपळपान, मोरपीस, एसटीचे तिकीट, रेशमाचा धागा. प्रत्येकीचा जागेवरच फोटो काढायचा, कोणत्या दोन पानांमध्ये होती ते लिहायचे आणि मगच ती वेगळ्या पाकिटात ठेवायची. फूल वहीतच राहू दिले तर कागद तपकिरी होऊन तिथेच तुटतो. फुलाची जागा न लिहिता ते काढले तर त्या दिवशीच्या नोंदीशी असलेला त्याचा संबंध कायमचा जातो. ही दुसरी हानी मला अधिक वाटते.

त्यानंतर पानांना क्रमांक. मऊ पेन्सिलीने, फक्त समोरच्या बाजूला, उजव्या वरच्या कोपऱ्यात. कोरी पानेही मोजायची, आणि फाडलेल्या पानाचा बुंधा शिवणीत दिसत असेल तर तोही नोंदवायचा. मुली पाने फाडत, किंवा नंतर कुणी फाडलेली असतात. कोणत्या तारखांच्या मधले पान गेले आहे, हे अभ्यासकाला कळायला हवे.

प्रतिमा कमीत कमी ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके), वही लहान असेल तर ६००ने घ्याव्यात. मूळ फाइल टिफमध्ये, वापरासाठी जेपेग. सपाट स्कॅनरवर वही उलटी दाबू नये, शिवण तुटते. दोन गुंडाळलेल्या टॉवेलांच्या आधारावर साधारण काटकोनात उघडून वरून कॅमेऱ्याने फोटो घेतले की काम होते.

सर्वांत जास्त वेळ तारखांना लागतो. महायुद्धाच्या काळात कागदाची टंचाई होती, त्यामुळे मागच्या सालाची कोरी राहिलेली छापील डायरी पुढे वापरलेली सापडते. छापील सालावर विश्वास ठेवू नये. वार जुळतो का ते पाहणे ही पहिली कसोटी, पण ती पुरत नाही. १९४१ आणि १९४७ ही दोन्ही साले बुधवारी सुरू होतात आणि दोन्हीही लीप नाहीत, म्हणून १९४१ ची डायरी १९४७ साली वापरली तर वर्षभर एकही वार चुकत नाही. १५ ऑगस्ट दोन्ही वर्षी शुक्रवारीच. अशा वेळी तिथी आणि सण कामाला येतात, कारण ते दरवर्षी सरकतात. नागपंचमीची किंवा गणपती बसल्याची नोंद कोणत्या छापील तारखेखाली आहे हे त्या सालच्या पंचांगाशी ताडले की निकाल लागतो.

तिथीचेही सापळे आहेत. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १८६९, म्हणजे १९४७ साली, श्रावण अधिक आला होता. नुसते ‘श्रावण शु. ५’ लिहिले असेल तर तो दिवस जुलैअखेरच्या पंधरवड्यातला की ऑगस्टच्या उत्तरार्धातला, हे आजूबाजूच्या नोंदींवरून ठरवावे लागते. मी दोन्ही शक्यता कंसात लिहितो आणि कारणही देतो. वेळेचेही तसेच : सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात घड्याळे एक तास पुढे होती, आणि मुंबईत १९५५ पर्यंत प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ही चाले. साल अजिबात नसेल तर पैसे पाहावेत. ‘नवे पैसे’ आले की नोंद १ एप्रिल १९५७ नंतरची.

नक्कल करताना मूळ लेखन बदलायचे नाही. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीची मुलगी ‘घरांत’, ‘कांहीं’, ‘नाहीं’ असे अनुस्वार देऊन लिहिते, ते तसेच ठेवावेत. संगणकाची आपोआप दुरुस्ती आधी बंद करावी, नाहीतर ती गुपचूप सगळे अनुस्वार खाते. वाचता न आलेला शब्द [?], फाटलेली जागा [फाटले], खोडलेला मजकूर वाचता येत असेल तर [खोडले : …]. मोठ्यांपासून लपवायचा मजकूर कधी कधी च-च्या भाषेत असतो : ‘घरी’चे ‘चरीघ’, ‘कुठे’चे ‘चुठेक’. तो मूळ रूपातच उतरवून उलगडा शेजारी द्यावा. तिने लपवले होते, ही माहिती मजकुराइतकीच मोलाची आहे.

उलट बाजूने, वही कुणी तपासत होते का हेही पाहावे. शाळेचा गृहपाठ म्हणून लिहिलेल्या रोजनिशीत बाईंची लाल शाईची सही असते, घरच्या वहीत कधी वडिलांचे ‘पाहिले’. गांधीजींच्या पुतण्याची मुलगी मनू गांधी यांनी १९४३ साली, गांधीजी पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना तिथेच, वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्याआधी, गुजरातीत रोजनिशी लिहायला घेतली. तिच्या पानांवर गांधीजींच्या सह्या आहेत. मोठे माणूस वाचणार हे ठाऊक असलेल्या मुलीचे लिखाण आणि उशीखाली ठेवलेली वही एकाच नजरेने वाचता येत नाही, म्हणून सूचीत ‘तपासणीच्या खुणा : आहेत / नाहीत’ असा रकाना ठेवावा.

परवानगीचे काम मी शेवटी सांगत असलो तरी ते देणगीपत्राच्याच दिवशी करायचे आहे. वही दिली म्हणजे प्रताधिकार दिला असे होत नाही, तो लेखी द्यावा लागतो. लेखिका हयात असेल तर तो तिचाच असतो, आणि तिला विचारल्याशिवाय मी वही कुणालाही दाखवत नाही, मुलांनी कितीही मोकळीक दिली तरी. तिच्या पश्चात तो वारसांकडे जातो. हयातीत न छापलेले लेखन नंतर छापले, तर प्रताधिकाराची ६० वर्षे प्रकाशनाच्या पुढच्या वर्षारंभापासून मोजतात.

कायद्यापलीकडेही काही असते. पाळीच्या नोंदी, ‘पाहायला आले होते’ आणि नकार आला, बहिणीचा क्षय, शेजारच्या घरातली मारहाण. यात नाव आलेली माणसे किंवा त्यांची मुले त्याच गावात राहत असतात. मूळ पानावर काळी पट्टी कधीच मारू नये. सार्वजनिक प्रतीत नावे झाकावीत, मूळ वही ठरलेल्या मुदतीपर्यंत बंद ठेवावी आणि मुदत संपण्याचे साल पाकिटावर व सूचीत, दोन्हीकडे लिहावे. साल नसेल तर पुढचा ग्रंथपाल ती कायमची बंदच ठेवतो.

शेवटचे काम वेष्टनाचे. लाल बासन देखणे दिसते, पण ओल लागली की त्याचा रंग सुटतो. खळ धुऊन काढलेले कोरे मांजरपाट किंवा आम्लमुक्त कागद वापरावा. कागदाचा पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, ७ ते ८.५ असावा, तपासायला खास पेन मिळते. कडुलिंबाचा ओला पाला पानांत घालू नये, डाग पडतात. वही आडवी, पेटीत, जमिनीपासून निदान वीतभर वर आणि बाहेरच्या भिंतीला न टेकवता ठेवावी. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला पेटी उघडून पाहावी. हे जमणार नसेल तर वही अडवून न धरता घरच्यांच्या संमतीने मोठ्या संग्रहाकडे द्यावी. मुंबईतली ‘स्पॅरो’ ही संस्था १९८८ पासून स्त्रियांविषयीचेच दस्तऐवज जमवते आहे. आपल्याकडे प्रतिमा, नक्कल आणि तिन्ही नावांची सूचीनोंद मात्र ठेवून घ्यावी, म्हणजे गावातला वाचक चौकशीला आला तर वही कुठे आहे हे त्याला लगेच सांगता येते.