बेकरी वाचणार आहे, मला माहितीये

हॉलमार्क या अमेरिकन टीव्ही चॅनलचा ख्रिसमस सिनेमा सुरू झाला की नवरा कोण होणार हे कळायला पाच मिनिटं पुष्कळ झाली. न्यूयॉर्कमधून नाहीतर शिकागोमधून एक पोरगी गावी येते, हातात चाकांची बॅग, कानाला फोन, फोनवर बॉस किंवा बॉयफ्रेंड (दोघंही इतके सारखे बोअर असतात की कोण कुठला ते कळत नाही), आणि गावात पाऊल टाकल्या टाकल्या ती एका चेक्सचा शर्ट घातलेल्या माणसावर आदळते आणि कुणाची तरी कॉफी सांडते. झालं, तोच. त्यात त्याची बायको वारलेली असली आणि घरात सात-आठ वर्षांची अतिसमजूतदार मुलगी असली तर मग शंकाच नको.

पुढचंही सगळं पाठ आहे. गावातली बेकरी, नाहीतर वडलांचं छोटं हॉटेल, नाहीतर ख्रिसमस ट्रीची शेती बंद पडायला आलेली असते. २४ डिसेंबरपर्यंत पैसे उभे करायचे असतात. दोघं मिळून झाड आणतात, जिंजरब्रेडचं घर बांधतात, एकमेकांच्या नाकाला पीठ लावतात, बर्फावर स्केटिंग करताना ती पडते आणि तो सावरतो. बरोब्बर मधे कुठेतरी किस होणार होणार म्हणता म्हणता ओव्हनचा टायमर वाजतो. शेवटच्या अर्ध्या तासात एक गैरसमज, जो दोन वाक्यं बोलली असती तरी मिटला असता पण ती बोलत नाहीत. मग लाईटिंग केलेला चौथरा, गावातली अख्खी पब्लिक, किस, आणि त्याच क्षणाला बर्फ पडायला सुरुवात. बेकरी वाचते.

मी हे दर वर्षी बघते. दोनचार नाही, ढिगाने बघते. इथे कॅनडात, ऑटवात डिसेंबरमधे साडेचारच्या आत सूर्य मावळतो, बाहेर उणे पंधरा, ऑफिसात वर्षअखेरीचा कोड फ्रीझ लागलेला त्यामुळे कुणी काही नवीन करायचं नाही फक्त सपोर्टला जागं राहायचं, अशा वेळी माणसाने दुसरं करायचं तरी काय. डिसेंबर २०१७ मधे नेटफ्लिक्सने एक ट्वीट केलं होतं, त्यांचा तो राजपुत्रवाला ख्रिसमस सिनेमा गेले १८ दिवस रोज बघणाऱ्या ५३ लोकांना उद्देशून, की बाबांनो तुम्हाला एवढं दुखावलंय तरी कुणी. त्यावर बराच गदारोळ झाला, तुम्ही आमच्यावर पाळत ठेवता का वगैरे. मला मात्र त्या ५३ जणांचं अजिबात आश्चर्य वाटलं नाही. १८ दिवस तोच सिनेमा बघितला काय आणि १८ वेगळे बघितले काय, एकूण एकच.

शेवट माहितीये तर बघतेस कशाला, हे नवरा दर वर्षी विचारतो. अरे पण गवळणीला बसलेल्या माणसाला कृष्ण वाट अडवणार हे माहिती नसतं का? मावशी येणार हेही माहिती असतं, लोक बसतात ते आजची मावशी काय करते ते बघायला. तसं इथे या वेळी किस कशाने मोडणार हे बघायचं असतं. आई इथे सहा महिने राहायला आली होती तेव्हा आम्ही दोघी यावर पैजा लावायचो. आई कायम लहान मुलावर लावायची आणि बऱ्याचदा जिंकायची.

आता ही गोष्ट अशी साच्यातली का असते याचं उत्तर लेखकांच्या आळसात नाहीये, कारखान्यात आहे. हॉलमार्क म्हणजे मुळात शुभेच्छापत्रं छापणारी कंपनी, कॅन्सस सिटीत १९१० साली जॉईस हॉल नावाच्या गृहस्थांनी (हो, गृहस्थ) सुरू केलेली. टीव्हीशी त्यांचं नातंही जुनं, १९५१ च्या २४ डिसेंबरला एनबीसीवर खास टीव्हीसाठी लिहिलेला पहिला ऑपेरा दाखवला गेला तो हॉलमार्कच्या पैशावर. म्हणजे सुरुवात ऑपेरापासून झाली आणि गाडी येऊन थांबली जिंजरब्रेडवर. हॉलमार्क चॅनल या नावाने चॅनल आलं २००१ मधे, आणि 'काउंटडाऊन टू ख्रिसमस' हा प्रकार २००९ पासून. आता तो ऑक्टोबरातच सुरू होतो, म्हणजे आमच्या घरात चकलीची भाजणी व्हायच्या सुमाराला टीव्हीवर सांताक्लॉज येऊन बसलेला असतो. २०१९ साली त्यांच्या दोन चॅनलवर मिळून ४० नवे सिनेमे होते. चाळीस! एका सीझनला!

एवढे काढायचे तर साचा लागणारच. दोन तासांचा स्लॉट, जाहिराती वजा केल्या की सिनेमा दीड तासापेक्षाही कमी उरतो, आणि तो साधारण नऊ तुकड्यांत लिहितात कारण मधे मधे जाहिराती यायच्यात. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक छोटासा खिळा ठोकलेला असतो, तुम्ही चॅनल बदलू नये म्हणून. ती दारात उभी आणि आतून तिला काहीतरी अर्धवट ऐकू येतं, जाहिरात. बॉयफ्रेंड न सांगता गावात हजर, जाहिरात. ओव्हनचा टायमर वाजतो तोही आपोआप वाजत नाही, हे एकदा लक्षात आलं की मजा कमी होईल असं मला वाटलेलं, उलट वाढली. कपड्यांच्या घड्या घालत बघितलं तरी कुठे आहोत ते कळतं, दहा मिनिटं उठून गेलं तरी काही बिघडत नाही.

शूटिंग साधारण पंधरा दिवसांत उरकतात, आणि हे न्यू इंग्लंड नाहीतर मोंटाना म्हणून जे दिसतं ते बहुतेक वेळा कॅनडा असतं. व्हँकुव्हरच्या आसपासची गावं, नाहीतर इकडे आमच्या ऑन्टॅरियोत. कॅनडाचा डॉलर स्वस्त, वर सरकार टॅक्स क्रेडिट देतं. आणि सिनेमा ऑक्टोबर-नोव्हेंबरात दाखवायचा म्हणजे बरेचसे शूट उन्हाळ्यात. मग कागदाचा बर्फ, फेसाचा बर्फ, लॉनवर पांढऱ्या चादरी, आणि तीस डिग्रीत लोकरी कोट घालून हिरॉईन म्हणते, किती छान गारवा आहे ना.

ऑटवापासून पाऊणेक तासावर आल्मोंट नावाचं गाव आहे, तिथे असे पुष्कळ सिनेमे झालेत. जुन्या कापड गिरण्या, दगडी टाऊन हॉल, गावाच्या मधोमध धबधबा, नदीचं नाव मिसिसिपी पण ती अमेरिकेतली नाही, ही वेगळी. आम्ही एकदा जुलैत आईस्क्रीम खायला म्हणून गेलो तर मेन स्ट्रीटवरच्या दुकानांच्या दारांना हिरवी तोरणं आणि लाल रिबिनी, आणि शॉर्ट्स घातलेली माणसं त्याखालून निवांत ये-जा करतायत. माझ्या मुलाला कळेचना हे काय चाललंय. मला मात्र एकदम घरी आल्यासारखं वाटलं, कारण मी वाईची. आमच्या घाटाला कोण काय म्हणेल ते आम्ही मुकाट ऐकून घेतो. 'दबंग'मधे वाई यूपीतलं लालगंज झालेली, 'स्वदेस'मधे शेजारची मेणवली यूपीतलंच चरणपूर झाली. वाईकर रस्ता अडला की वैतागतात, मग हळूच कोपऱ्यावर उभं राहून हिरोला बघतात, मग थिएटरात जाऊन 'ते बघ आपलं देऊळ' म्हणून ओरडतात. आल्मोंटची माणसं वेगळं काही करत असतील असं मला वाटत नाही.

आणि 'स्वदेस'चा विषय निघालाच आहे तर मुद्द्याचं बोलते. हे सिनेमे प्रेमाचे नाहीतच मुळी. चेक्सवाला माणूस हे निमित्त आहे, एक काढून दुसरा लावला तरी चालतो. खरी गोष्ट आहे ती गावी परत जाण्याची. प्रत्येक सिनेमात ती परत जाते आणि गाव तिची वाट बघत जसंच्या तसं थांबलेलं असतं. तिची खोली तशीच, कपाटावर शाळेतल्या ट्रॉफ्या, दुकानदार नावाने हाक मारतो, आईवडील थोडे थकलेत पण काठी टेकत नाहीत, आणि दहावीत आवडलेला मुलगा या सगळ्या वर्षांत बिनलग्नाचा नाहीतर सोयीस्कर विधुर. तिने नुसतं यायचं बाकी आहे. मग ती बॉसला एक फोन करते की मी येत नाही, आणि संपली नोकरी. नोटीस पिरियड नाही, घराचे हप्ते नाहीत, मुलांची शाळा नाही, पीआर कार्ड (परदेशात कायम राहायचा परवाना) नाही.

माझ्या वाईत मी चार दिवस गेले तर पहिला दिवस कोण कुठे गेलं हे समजण्यात जातो. आमच्या आळीतला वाडा पडून तिथे चार मजली बिल्डिंग झाली, बरोबरीचं निम्मं गाव पुण्याला आयटीत, आणि दहावीतला तो मुलगा व्हॉट्सॲपवर रोज सकाळी गुलाबाचं फूल पाठवतो, दोन पोरांचा बाप आहे. आपल्याकडे परत येण्याचा सिनेमा करायला तीन तासांच्या वर लागले, हिरोला नासा सोडावं लागलं, आणि तरी आमच्यातल्या निम्म्या लोकांनी थिएटरमधे डोळे पुसले आणि सोमवारी कामावर गेले. इथे चाळीस पोरी दर वर्षी दीड तासात परत जातात. चिडावं की बघत बसावं? मी बघत बसते.

आईने मात्र एकदा पचका केला. सिनेमा छान चाललेला, हिरॉईन आपल्या जुन्या खोलीत बसून बालपणीच्या शोभेच्या वस्तू ख्रिसमसच्या झाडाला लावतीये, डोळ्यांत पाणी, आणि आई म्हणाली, "अगं पण आईबाप इतकी वर्षं एकटे होते, ही होती कुठे?" मी म्हटलं, आई, चहा टाकू का. ती म्हणाली टाक, पण जाहिरात लागली की टाक.

आईचं दुसरं ऑब्जेक्शन असं की लग्न कुठाय. दोन तास बसवून घेतात आणि एका मुक्यावर भागवतात. तिला मालिकांची सवय, तिथे लग्न आठवडाभर चालतं, हळद दोन एपिसोड. पण हेही तिनेच कबूल केलं की मालिकेत पुढे काय होणार ते माहिती असूनही ते कधीच होत नाही, सासू सुधारत नाही, इथे निदान झोपायच्या आत सगळ्यांचं भलं होतं.

सगळंच गोड आहे असं नाही. वर्षानुवर्षं या गावांमधे फक्त गोरी माणसं राहायची, एखादी काळी मैत्रीण सल्ला देण्यापुरती. डिसेंबर २०१९ मधे झोला या लग्नाचं प्लॅनिंग करणाऱ्या साइटच्या जाहिराती, ज्यात दोन नवऱ्या एकमेकींना किस करतात, त्या एका संघटनेच्या तक्रारीवरून चॅनलने काढल्या, मग त्यावर उलटी बोंब झाली तेव्हा काही दिवसांत माफी मागून त्या परत दाखवायचं ठरवलं. पुढच्याच महिन्यात मुख्याधिकारी बिल ॲबट कंपनी सोडून गेले आणि त्यांनी दुसरीकडे ग्रेट अमेरिकन फॅमिली म्हणून असाच गोडगोड पण जास्त सोवळा चॅनल उभा केला, २०२२ मधे हॉलमार्कची मोठी स्टार कँडेस कॅमरन ब्यूर पण तिकडे गेली. हॉलमार्कने इकडे त्याच साली दोन पुरुषांच्या प्रेमाचा सिनेमा काढला, दोघंही मुख्य भूमिकेत. साचा तोच हां, त्यात काही बदल नाही. मला तर ते बरंच वाटलं, बरोबरी म्हणजे सगळ्यांना सारखाच चावट टायमर.

मला राजपुत्रवाले सिनेमे मात्र आवडत नाहीत. कुठलंतरी नकाशात नसलेलं राज्य, युरोपात कुठेतरी पण सगळे इंग्लंडच्या उच्चारात बोलतात, हिरॉईन पत्रकार आणि तिला पत्रकारितेतलं ओ की ठो येत नाही. तिथे परत जायचं गावच नसतं त्यामुळे माझा जीव रमत नाही. बेकरीवाले सगळ्यात उत्तम, त्याखालोखाल झाडांची शेती. त्यातही ज्यात ती नोकरी न सोडता काहीतरी मधला मार्ग काढते ते क्वचित सापडतात पण सापडले की मी मैत्रिणींना लगेच मेसेज करते.

बाकी तक्रार एकच. हिरोहिरॉईन हॉट चॉकलेटचे एवढाले मग घेऊन अख्ख्या गावाला चक्कर मारतात, हातवारे करतात, मिठ्या मारतात आणि एक थेंब सांडत नाही कारण आत काहीच नसतं, ते हवेत कसे तरंगतात त्यावरूनच कळतं. बाबांनो, बर्फ खोटा चालेल, गाव खोटं चालेल, मगात निदान गरम पाणी तरी ओता.