पाकिटामागचे आकडे

बुधवार, रात्री उशिरा

आप्पांच्या किडन्या थकल्यात, डायलिसिसवर आहेत; त्यांच्या रक्तातला फॉस्फरस या महिन्यातही चढाच आला. पोटॅशियम आटोक्यात आहे, वजनही डायलिसिसच्या दोन फेऱ्यांमध्ये फार वाढत नाही. आई रिपोर्ट हातात धरून म्हणाली, "अगं, डाळसुद्धा वाटीने मोजून देते, मग हा येतो कुठून?"

डाळीतून फारसा नाही. डाळी-कडधान्यांतला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो. तो आपल्या आतड्यांना नीट सुटत नाही, त्यामुळे निम्म्याहून कमीच अंगात शिरतो. पाकीटबंद पदार्थांत वरून घातलेलं फॉस्फेट (फॉस्फरसचाच क्षार) मात्र जवळजवळ सगळं रक्तात उतरतं. आज स्वयंपाकघरातली सगळी पाकिटं उलटी करून बघितली. काळ्या कोल्ड्रिंकवर घटकांच्या यादीत ३३८, म्हणजे फॉस्फोरिक आम्ल. चीज स्लाइसवर ३३९ आणि ४५२. नूडल्सवर ४५१. हे सगळे फॉस्फेटचेच नंबर. सोडियम किती हे छापावं लागतं, पण फॉस्फरस किती हे छापायची सक्ती नाही. मला याचा खरोखर राग येतो. ज्याच्या किडन्या थकल्यात त्याला तोच आकडा हवा असतो.

चार तास मशीनवर बसूनही फॉस्फरस पुरता निघत नाही. रक्तातला निघतो, मग पेशींमधला हळूहळू बाहेर येतो आणि पातळी परत चढते. वाढलेल्या फॉस्फरसने खाजही सुटते; रात्री आप्पा कंगव्याच्या दांड्याने पाठ खाजवत बसतात, खाजवून खाजवून वळ उठलेत. हाडं ठिसूळ होणं, रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचणं हे पुढचं, ते डोळ्यांना दिसत नाही. अन्नातला फॉस्फरस पोटातच बांधून ठेवणारी गोळी जेवताना घासाबरोबरच घ्यायची असते, उशिरा घेऊन फारसा उपयोग नाही. म्हणून आता ती त्यांच्या शर्टाच्या खिशातच ठेवते.

त्यांचा जीव मात्र वडापावात. तिथे फॉस्फरसपेक्षा पोटॅशियम आणि मीठ नडतं. गाडीवर बटाटे सालासकट अख्खे उकडतात, पोटॅशियम आतच राहतं. आणि ते वाढलं की आधी दुखत-खुपत नाही, एकदम हृदयाचे ठोके बिघडू शकतात. शेजारच्या काकूंनी प्रेमाने 'कमी सोडियमचं' मीठ आणून दिलं होतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, आप्पांसाठी ते विषच. परत दिलं.

वडा कायमचा बंद करणं मला पटत नाही. आधीच पाणी मोजून, फळं मोजून, माणसाने जगायचं कशावर? रविवारी घरी करीन: बटाटे सोलून, बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून द्यायचं. मीठ अगदी बेताचं, पापडखार-सोडा नाही. शनिवारी आहारतज्ज्ञ बाईंना विचारायचंय, एक वडा दिला तर त्या दिवशी जेवणातलं काय कमी करायचं, आणि त्याच्याबरोबरही गोळी द्यायची का.